बंद दारांची उत्तरं

माझे पती गेले त्याला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. मिरजेच्या दवाखान्यात ते अकरा दिवस होते, त्यातले शेवटचे चार दिवस बोलले नाहीत. नंतर सांगलीच्या घरी लोक भेटायला येत राहिले. जवळपास प्रत्येकानं हेच सांगितलं, की सरांसारखा काटेकोर माणूस पाहिला नाही. ते खरं होतं. तासाला पाच मिनिटं उशीर झाला तर हे मुलांची माफी मागत. दुसऱ्याच्या पुस्तकातली एक ओळ घेतली तरी तळटीप देत. मी शाळेत मराठी शिकवायची. पेपर तपासताना माझ्याकडून झालेली अर्ध्या मार्काची चूकही ह्यांच्या नजरेतून सुटत नसे. त्यामुळे पुढचं लिहायला मला फार दिवस लागले.

दिवाळीनंतर एक मुलगी घरी आली. पंचवीस-सव्वीस वर्षांची, पाठीवर सॅक, पायांत धुळीनं पांढरे झालेले बूट. विद्यापीठात समाजशास्त्रात पीएच.डी.ला तिनं नाव नोंदवलं होतं. ह्यांचा प्रबंध पुढे पुस्तक म्हणून छापला गेला होता. मेंढपाळ कुटुंबं आणि त्यांच्या मुलांचं शिक्षण, असा विषय. पुस्तक लहानसं, पण त्या विषयावर दुसरं फारसं नसल्यामुळे लोक त्याचा आधार घेत. मुलीला त्याच कुटुंबांकडे पुन्हा जाऊन तेच प्रश्न विचारायचे होते, आणि मधल्या पंचवीस वर्षांत काय बदललं ते मांडायचं होतं.

"पुस्तकात घरांना नुसते नंबर आहेत," ती म्हणाली. "कोणता नंबर कोणत्या घराचा ते फॉर्मवरच कळेल. सरांचे मूळ फॉर्म असतील का, मॅडम?"

"बघावे लागतील. माळ्यावर असतील तर असतील."

"मी चढते की."

"धूळ फार आहे गं वर."

"धुळीत तर वाढलीय मी," ती हसून म्हणाली आणि तिनं तिच्या गावाचं नाव सांगितलं.

माण तालुक्याच्या पूर्व टोकाला, आटपाडीची शीव लागते तिथली ती वाडी. ह्यांच्या प्रबंधातली, आमचीच वाडी. मी चहाचं आधण ठेवलं होतं. त्यात साखर घातली की नाही ते मला आठवेना, म्हणून पुन्हा घातली. तिनं तो गोड चहा पूर्ण संपवला.

"आमची पणजी तुमची गोष्ट सांगायची," ती म्हणाली. "एक मास्तर नि मास्तरीण आलती, मास्तरीण खालमानेनं लिवत बसायची म्हणून. आईला मात्र काहीच आठवत नाही. ती म्हणते, मला कुणी काय इचारलंच न्हाई. विसरली असणार."

"असेल," मी म्हटलं. "बरीच वर्षं झाली."

ती विसरलेली नव्हती, हे मला तेव्हाच माहीत होतं.

ते फॉर्म भरले त्या वेळी आम्ही साताऱ्यात दोन खोल्यांत राहत होतो. ह्यांची कॉलेजातली नोकरी पक्की झालेली, लग्नाला तीन वर्षं झालेली. वाडीतल्या बायका परक्या पुरुषाशी बोलत नसत, म्हणून बायकांचे फॉर्म मी भरायचे असं ठरलं. प्रबंधाच्या ऋणनिर्देशात माझ्याबद्दल 'सौ. चे सहकार्य लाभले' एवढे शब्द आहेत. मला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. त्या काळी कोणाच्याच प्रबंधात याहून जास्त नसे.

ऐंशी घरं करायची होती. दिवाळीच्या सुट्टीत एसटीनं दहिवडी, पुढे म्हसवड, आणि तिथून मिळेल त्या गाडीनं आम्ही वाडीत जायचो. वाडी निघायच्या गडबडीत होती. त्या बाजूला पाऊस कमी. मेंढरांना चारा नसतो, म्हणून दिवाळीच्या सुमारास घरंच्या घरं मेंढरं घेऊन पश्चिमेला निघतात, कृष्णाकाठच्या रानांत मुक्काम करत करत पार कोकणात उतरतात आणि मृगाच्या सुमारास माघारी येतात. काही घरं आम्ही पोचण्याआधीच निघाली होती. जी होती त्यांच्यातल्या एकोणपन्नास घरांतल्या बायकांशी मी बोलले. कोणी घोंगडी झटकत होती, कोणी घोड्यावर लादायची भांडी बांधत होती. मी त्यांच्या मागे मागे फिरत लिहायची. बाकीची एकतीस घरं मेमध्ये करू, असं हे म्हणाले.

मेमध्ये आम्ही गेलो तेव्हा वाडी रिकामी होती. काही दारांना कुलपं, काहींना नुसत्या बाभळीच्या काटेरी फांद्या लावलेल्या. कॉलेजला आणि शाळेला सुट्टी असते दिवाळीत आणि मेमध्ये. ही माणसं घरी असतात मृगापासून दिवाळीपर्यंत. दोन्हींचा मेळ दिवाळीच्या आठ-दहा दिवसांपुरताच होता, हे आम्हाला तिथं उन्हात उभं राहिल्यावर कळलं. ज्यांच्या फिरण्याचा अभ्यास करायचा तीच माणसं फिरायला गेली आहेत, म्हणून आम्ही अडलो होतो. आज हसू येतं. त्या दिवशी ह्यांचा चेहरा पाहवत नव्हता. ह्यांचे मार्गदर्शक ऑगस्टमध्ये निवृत्त होणार होते. त्याआधी प्रबंध दाखल झाला नाही तर नवा मार्गदर्शक शोधा, नव्यानं सगळं करा.

देवळाच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती. घरं राखायला मागे राहिलेल्या दोन-चार म्हाताऱ्यांपैकी ती एक. तीच त्या मुलीची पणजी.

"आवं, पाऊस पडस्तवर कोन येतंय हितं," ती म्हणाली. "मी हाय की. मला इचारा. कुनाच्यात मेंढरं किती, कुनाची सून कवा बाळंत झाली, समदं ठावं हाय मला."

आणि तिला खरंच सगळं ठाऊक होतं. दोन दिवसांत तिनं एकतीस घरांची माणसं, वयं, मेंढरं, मुलं अशी सगळी पहिली पानं सांगितली. मी लिहीत गेले. दुसऱ्या आणि तिसऱ्या पानावर मतं होती. मेंढरू विकायचं कोण ठरवतं, मुलीचं लग्न कोणत्या वयात करावं, मुलीला शाळेसाठी वसतिगृहात ठेवाल का. दुसऱ्या बायकांचं मत म्हातारी कुठून सांगणार?

साताऱ्याला परत येताना एसटीत हे म्हणाले, "सगळी एकाच वाडीतली माणसं आहेत. उत्तरं काही फार वेगळी यायची नाहीत. झालेल्या फॉर्मवरून अंदाज घे आणि भर."

शाळा सुरू व्हायच्या होत्या. दुपारी जेवणं झाली की मी मोरीशेजारच्या टेबलावर बसायची आणि रोज पाच-सहा बायका करायची. करायची, हाच शब्द बरोबर आहे. वय, मुलं, मेंढरं म्हातारीनं दिलेली होती. त्यावरून मी बाई मनात उभी करायची आणि तिला बोलतं करायची. एकीला मी जरा तापट केलं. एकीला सासूच्या धाकातली केलं. मला मजा येत नव्हती असं म्हणता येणार नाही. मी निबंध शिकवणारी बाई होते, आणि हे संध्याकाळी फॉर्म वाचून म्हणत, "चांगलं जमलंय."

मुलगी येऊन गेल्यावर, हिवाळ्यात मी स्वतः शिडी लावून माळ्यावरून फॉर्मचे दोन्ही गठ्ठे खाली काढले. पंचवीस वर्षांत ह्यांनी ते टाकले नव्हते. का टाकले नाहीत, ते आता विचारता येत नाही.

दिवाळीचा गठ्ठा फुगलेला होता. कागद घडी पडलेले, कोपऱ्यांना तेलाची बोटं, एका पानावर मेंढराच्या पायाचा अर्धा ठसा. चौकटीत उत्तर मावलं नाही म्हणून मी समासात लिहिलेलं, समास संपला म्हणून पाठीमागे. मेंढरू विकायचं कोण ठरवतं, याला एकीनं सांगितलं होतं, "ज्याला बाजार जवळ पडंल त्यो." वसतिगृहाच्या प्रश्नावर बहुतेकजणींचं उत्तर होय की नाही ते सांगता येत नव्हतं. एक म्हणाली होती, तुमच्याकडं ठेवून घेता का, मग देते. मी त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं होतं.

दुसरा गठ्ठा चपटा होता, नव्या वह्यांसारखा. सगळी उत्तरं चौकटीत. एकाही पानाच्या पाठीमागे काही नाही. माझ्या एकतीसही बायका ठामपणे बोलल्या होत्या आणि वसतिगृहाला त्यांतल्या सत्तावीसजणींनी नाही म्हटलं होतं. पुस्तकाचं पाचवं प्रकरण त्या 'नाही'वर उभं आहे. दिवाळीच्या गोंधळातून जे निघत नव्हतं ते माझ्या गठ्ठ्यातून निघालं. मेंढपाळ बायकांनाच मुली दूर ठेवायला नको असतात, हे वाक्य मी नंतर दुसऱ्यांच्या लेखांत वाचलं, आणि एकदा साताऱ्यात एका सभेत व्यासपीठावरून ऐकलं. तेव्हा हे माझ्या शेजारीच बसले होते. दोघांनीही टाळ्या वाजवल्या.

मुलीच्या आईचा फॉर्म मी शोधून काढला. वय बावीस, एक मुलगी आठ महिन्यांची. मुलीला वसतिगृहात ठेवाल का? नाही. कारण: मुलगी परक्याचं धन. हे कारण मीच लिहिलं होतं. त्या वाडीत हे शब्द मी कोणाच्या तोंडून ऐकले नव्हते.

त्याच आठवड्यात ह्यांच्या कॉलेजातल्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. पहिल्या स्मृतिदिनाला कॉलेज कार्यक्रम करणार होतं आणि पुस्तकाची नवी आवृत्ती त्याच दिवशी निघणार होती. माझी संमती हवी होती.

"वहिनी, चार ओळी तुम्ही लिहून द्या सुरुवातीला. फील्डवर्कच्या आठवणी."

मी विचार करून सांगते म्हटलं.

मुलगी फेब्रुवारीत पुन्हा आली. या वेळी तिनं चहा नको म्हटलं. "मॅडम, मी रानात मेंढरांमागं जाऊन आईच्या बरोबरीच्या अजून सात घरांत विचारलं," ती म्हणाली. "आईसारखंच सगळ्या म्हणतात. आम्ही तर मेंढरामागं होतो, आमाला कोन इचारणार. सात बायका एकदम कशा विसरतील?"

मी दोन्ही गठ्ठे तिच्यापुढे ठेवले आणि कोणता कोणता ते सांगितलं. दुसरा गठ्ठा मी घरी बसून भरला, असं सांगितलं. ती बराच वेळ पानं उलटत राहिली. आईचा फॉर्म आल्यावर थांबली.

"परक्याचं धन," तिनं मोठ्यानं वाचलं. "हे आई म्हणाली?"

"मी लिहिलं."

"सरांना माहीत होतं?"

हा प्रश्न येणार, हे मला ठाऊक होतं. उत्तरही मी तयार ठेवलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "त्यांनी मला वाडीत जायला सांगितलं होतं. मी गेले नाही. फॉर्म त्यांना मी खरे म्हणून दिले."

ती माझ्याकडे बघत होती. मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आले. मला बरं वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे. सगळं माझ्यावर आलं होतं आणि हे सुटले होते. आयुष्यभर ज्यांनी माझ्या चुका दुरुस्त केल्या त्यांची एक चूक मी घेतली, असं काहीसं.

"माझा पूर्ण सिनॉप्सिस या पाचव्या प्रकरणावर आहे," मुलगी म्हणाली. "तेव्हा नाही म्हणाल्या, आता हो म्हणतात. माझे गाईड सर लय खूश आहेत. बदल केवढा मोठा दिसतोय म्हणतात." तिनं आईचा फॉर्म गठ्ठ्यात परत ठेवला. "नोंदणीला दीड वर्ष झालं, मॅडम. घरी सांगितलंय, तीन वर्षांत होईल म्हणून."

मी तिला लेखी दिलं. एकतीस फॉर्मचे नंबर, ते मी कसे भरले, तारीख आणि सही. तिनं तो कागद तिच्या मार्गदर्शकांना दाखवला. ते म्हणाले, छापलेल्या पुस्तकातला तक्ता घ्या, खाली पुस्तकाचा संदर्भ द्या, चूक असली तरी ती पुस्तकाची, तुमची नाही. हे तिनं मला फोनवर सांगितलं.

"मग काय करणार आहेस?"

"बघते," ती म्हणाली. मग म्हणाली, "काकू, आईला मी परत विचारलं. तवा कुणी विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस म्हणून. आई म्हणाली, न्हाईच म्हणले असते. एकुलती पोर, कुठं ठेवायची ती. पुढं शाळेतल्या बाईनं लय डोकं खाल्लं, तवा हास्टेलला घातली."

मॅडमची मी काकू झाले होते, पण त्याकडे माझं लक्ष नव्हतं. मी दुसऱ्याच गोष्टीला धरून बसले. "म्हणजे उत्तर बरोबरच होतं," मी म्हटलं.



"बरोबर असंल," ती म्हणाली. "पण तिनं दिलेलं नाही ते. आणि कारण तर नाहीच. एकुलती म्हणून ठेवणार नाही, नि परक्याचं धन म्हणून ठेवणार नाही, हे एकच आहे का?"

मी शाळेत तीस वर्षं मुलांना शब्दांतला फरक सांगत आले होते. 

मार्चमध्ये मी कॉलेजातल्या त्या सहकाऱ्यांना फोन करून नवी आवृत्ती काढू नका म्हटलं आणि कारण सांगितलं. फॉर्म मी घरी बसून भरले, तेवढंच, अर्धं कारण. ते आमच्या घरी पंचवीस वर्षं जेवलेले गृहस्थ.

"वहिनी, आता हे उकरून काय मिळणार? माणूस गेला."

"पुस्तक आहे ना अजून."

"बरं, तुम्ही म्हणता तुम्ही भरले. मग प्रस्तावनेत तसं एक वाक्य टाकू. सरांचा काही दोष नव्हता, असं स्पष्ट लिहू. उलट त्यांच्याबद्दलचा आदर वाढेलच."

मी ते वाक्य डोळ्यांपुढे आणलं. छापलेलं, नव्या कागदावर, स्मृतिदिनाला. मग माझ्या लक्षात आलं, की हा बत्तिसावा फॉर्म होता. जे नाहीत त्यांच्या वतीनं मी पुन्हा एक नीटस उत्तर लिहून दिलं होतं, चौकटीत बरोबर मावणारं.

तरी मी लगेच कोणाला काही सांगितलं नाही. आवृत्ती नको एवढंच पुन्हा म्हटलं. ते "बघू" म्हणाले आणि त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही. दिवस जात राहिले. सकाळी बागेत दोन फेऱ्या, पेपर, दुपारी ह्यांच्या पुस्तकांची यादी. भिंतीवरच्या फोटोकडे बघून मी भांडायची, असं लिहायला बरं दिसेल, पण तसं काही झालं नाही. मी गप्पच होते. आमचं बरंचसं आयुष्य असंच गेलं होतं.

जूनमध्ये मुलीनं सिनॉप्सिस बदलून दिला. एकतीस घरं तिनं काढून टाकली आणि दिवाळीचे एकोणपन्नास फॉर्म ठेवले, समासातल्या मजकुरासकट. मार्गदर्शक नाराज झाले, आता बदल दिसणारच नाही म्हणाले. समितीनं एक वर्ष वाढणार असं सांगून मंजुरी दिली. घरच्यांना तिनं कसं सांगितलं ते मी विचारलं नाही.

"एक प्रकरण नवीन टाकतेय," ती फोनवर म्हणाली. "जुनी माहिती कशी गोळा झाली, यावर. त्यासाठी तुमची मुलाखत लागेल, काकू. द्याल का?"

गेल्या आठवड्यात ती आली. मृग होऊन गेला होता, वाडीतली घरं उघडली होती आणि ती सकाळीच आईकडून निघून आली होती. आईनं दिलेली बाजरी तिनं टेबलावर ठेवली. मग सॅकमधून दोन पानं काढून माझ्यापुढे सरकवली. संमतिपत्र होतं. मुलाखत कशासाठी, कुठे वापरणार, नको असलेल्या प्रश्नाचं उत्तर न देण्याचा हक्क, मध्येच थांबवण्याचा हक्क, नाव द्यायचं की गुप्त ठेवायचं. मी सगळं वाचलं, दोनदा. वाडीतल्या कोणालाही आम्ही यातलं काही सांगितलं नव्हतं. त्या काळी सांगत नसत, हे खरं आहे. पण त्या बायकांनी विचारलं होतं, हे कशाला लिवताय. आणि मी म्हटलं होतं, तुमच्या भल्यासाठी.

"नाव दिलं तर सरांचंही कळणार," मुलगी म्हणाली. "गुप्त ठेवलेलं चालतं. मी ठेवीन."

"नाव दे," मी म्हटलं. त्या चौकटीत खूण केली आणि सही केली.

तिनं मोबाइल टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं, शिवाय वहीही उघडली. सुरुवातीचे प्रश्न सोपे होते. वाडीत कधी गेलो, कुठे राहिलो, भाषा समजायची का. मग तिनं वहीतून मान वर केली.

"उरलेले फॉर्म न जाता भरायचं कोणी ठरवलं?"

"मागच्या वेळी मी तुला चुकीचं सांगितलं," मी म्हटलं. "ह्यांनी ठरवलं. म्हसवडहून परत येताना, एसटीत." आणि मी ह्यांचे शब्द सांगितले, जसेच्या तसे. संध्याकाळी फॉर्म वाचून हे काय म्हणायचे, तेही सांगितलं. सांगताना माझा आवाज नेहमीसारखाच होता, याचं मला नवल वाटलं.

ती लिहीत होती. मला वाटलं होतं ती रागावेल, नाहीतर निदान म्हणेल की मला तेव्हाच शंका आली होती.  ओळ पूर्ण करून तिनं पुढचा प्रश्न विचारला.

"सर असं म्हणाल्यावर तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही," मी म्हटलं. "दुसऱ्या दिवशी पेनात नवी रिफिल घातली."

तिनं ते लिहून घेतलं.